घासभर पाखरू

पक्ष्यांविषयी कुठेही बोलायला उभं राहिलं की श्रोत्यांतून एक प्रश्न येतोच : चिमणीएवढं पाखरू माणसं मारून खातात, त्यात खायला असतं तरी काय? त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, जरा दबक्या आवाजात : कोंबडी चालते, बोकड चालतो, मग पाखरालाच का सोडायचं? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर तराजूवर मिळतं. दुसऱ्यासाठी थोडा हिशेब मांडावा लागतो.

१. आधी वजन करू

घरचिमणी भरते २५ ते ३० ग्रॅम. सुगरण साधारण तेवढीच. ठिपकेवाली मुनिया १५ ग्रॅमच्या आतबाहेर. पिसं, आतडी, डोकं, पाय काढून टाकले की चिमणीचं उरतं फार तर १५ ग्रॅम, आणि त्यातही हाडं आली. दोन किलोची कोंबडी साफ केल्यावर साधारण १,३५० ग्रॅम भरते. म्हणजे एका कोंबडीची बरोबरी करायला ९० चिमण्या माराव्या लागतील. एवढ्या पाखरांमागे धावण्यात जी शक्ती जाईल, ती त्या मांसातून परत मिळण्याची शाश्वती नाही.

तेव्हा पोट भरण्यासाठी लहान पाखरं कुणी खात नाही. खाणारे दोन प्रकारचे असतात, आणि त्यांना एका तागडीत टाकलं की सगळी चर्चा बिघडते.

पहिला प्रकार भिवंडी तालुक्यात पाहता येतो. भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आणि महामार्गालगतची गोदामं डोळ्यांपुढे येतात. पण तालुका तेवढाच नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे तानसा नदीचं खोरं आहे, पडघ्याच्या बाजूला माळ आहेत आणि मधेमधे भाताची खाचरं अजून तग धरून आहेत. या भागात आणि शेजारच्या शहापूर, वाडा, मुरबाड तालुक्यांत कातकरी, वारली, ठाकूर यांचे पाडे आहेत. भात कापून झालं की खाचरात सांडलेल्या दाण्यांवर मुनिया, सुगरणी, चंडोल यांचे थवे उतरतात. पाड्यावरची पोरं गलोल घेऊन निघतात. मोठी माणसं लाव्यासाठी, होल्यासाठी फास लावतात. उंबराचा नाहीतर वडाचा चीक काडीला फासून त्यावर पाखरू चिकटवण्याची रीतही जुनी आहे. मिळालेलं पाखरू निखाऱ्यावर भाजायचं, मीठ लावायचं आणि वाटून खायचं. खेकडे, मुऱ्या, उंदीर, रानभाज्या यांच्या जोडीला तो एक घास असतो. मांस विकत आणणं ज्या घराला क्वचित परवडतं, तिथे त्या घासाची किंमत बाहेरच्या माणसाला कळणार नाही.

दुसऱ्या खाणाऱ्याचं पोट भरलेलं असतं. त्याला चव हवी असते. ती चव येते कुठून?

२. चवीचं शरीरशास्त्र

कोंबडी जवळजवळ उडतच नाही, म्हणून तिच्या छातीचं मांस पांढरट असतं. लहान पाखरू दिवसभर उडतं. त्याच्या छातीच्या स्नायूंना सतत प्राणवायू लागतो, तो साठवून ठेवणारं तांबडं द्रव्य त्यांत भरपूर असतं. म्हणून ते मांस गर्द तांबडं आणि चवीला तीव्र लागतं. हा झाला चवीचा एक भाग. मोठा भाग चरबीचा.

आपल्याकडे हिवाळ्यात भारीट नावाचे पाहुणे येतात. काळ्या डोक्याचा भारीट आग्नेय युरोप ते इराण या पट्ट्यात वीण करतो, लाल डोक्याचा मध्य आशियात. पावसाळा सरता सरता दोघेही महाराष्ट्रात उतरतात आणि ज्वारीच्या शेतांत हजारोंनी दिसतात. मार्च-एप्रिलमध्ये परत निघतात. हजारो किलोमीटरच्या या वाटेवर जिथे तिथे दाणा मिळेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी पक्षी बेसुमार खातो आणि कातडीखाली चरबीचा थर साठवतो. ती त्याची शिदोरी.

शिदोरी चरबीचीच का? एक ग्रॅम चरबी जाळली की सुमारे ९ किलोकॅलरी उष्णता मिळते. पिठूळ पदार्थांतून किंवा प्रथिनांतून मिळते ४. शिवाय हे दुसरे पदार्थ अंगात साठवायचे तर सोबत पाणीही साठवावं लागतं, म्हणजे ओझं आणखी वाढलं. उडणाऱ्या जिवाला कमी वजनात जास्त इंधन हवं, आणि ते चरबीतच मिळतं. काही लहान पक्ष्यांचं वजन प्रवासाआधी दुपटीच्या जवळ जातं. असं पाखरू विस्तवावर धरलं की ते स्वतःच्याच चरबीत शिजतं, वरून तेल-तूप घालावं लागत नाही. जगभरच्या खवय्यांना मोह पडतो तो याचा.

फ्रान्समध्ये हा मोह टोकाला गेला. तिथला ऑर्टोलान हा आपल्या भारिटाचा सख्खा नातलग, एकाच प्रजातीसमूहातला, वजन २०-२५ ग्रॅम. जाळ्यात पकडायचा, अंधाऱ्या पेटीत ठेवून दाणे खाऊ घालून फुगवायचा, आर्मान्याक नावाच्या ब्रँडीत बुडवून मारायचा, भाजायचा आणि डोक्यावर रुमाल ओढून हाडांसकट अख्खा तोंडात घालायचा, अशी ती रीत. माजी राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ यांनी ३१ डिसेंबर १९९५ च्या रात्री ऑर्टोलान खाल्ल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. त्यानंतर आठ दिवसांनी ते वारले. १९९९ मध्ये फ्रान्सने या पक्ष्याला संरक्षण दिलं, पण अंमलबजावणी कडक व्हायला २००७ उजाडलं. तोवर, आणि त्यानंतरही चोरून, नैऋत्य फ्रान्समध्ये वर्षाला सुमारे ३०,००० पक्षी पकडले जात असल्याचा अंदाज होता.

हिंदुस्थानातल्या साहेबांनाही ऑर्टोलानची आठवण येत असे. इथे तो मिळत नाही, म्हणून त्यांनी चंडोलाच्या कुळातल्या एका लहान थवेकरी पक्ष्याला तेच नाव देऊन टाकलं. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात तशी नोंद आहे, आणि त्या पक्ष्याची बगेरी ही देशी ओळखही. बिहारात, विशेषतः मिथिलेत, बगेरीचा शौक जुना आहे.

३. खेतवाडीतल्या चिमण्या

आता मुंबईला येऊ. लहान पाखरू खाण्याच्या सवयीतून भारतातल्या पक्षीविज्ञानाचा एक मोठा धागा निघतो, आणि तो आपल्या अगदी जवळचा आहे.

पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींचा जन्म १८९६ चा. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या खेतवाडीतल्या घरी ते वाढले. त्या घरात स्वयंपाकासाठी बाजारातून जिवंत लावे आणि तितर येत. मुलांच्या हाती छऱ्याची बंदूक होती आणि चिमण्या मारायला मुभा होती. रीतीप्रमाणे हलाल केलेली चिमणी खाण्यात कुणाला गैर वाटत नव्हतं.

दहाएक वर्षांच्या सालिमने तेव्हा एक टिपण करून ठेवलं. त्यांच्या ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ या १९८५ च्या आत्मचरित्रात ते आलं आहे. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर बसलेला. मुलाने उभ्या गाडीच्या आडून नर टिपला. थोड्याच वेळात मादीकडे दुसरा नर आला आणि त्याच खिळ्यावर बसू लागला. तोही टिपला. असे सात दिवसांत आठ नर त्याने मारले, आणि दर वेळी नवा हजर झाला.

पुढे, १९०८ च्या सुमारास, त्याने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग निघाला. ही चिमणी नेहमीची नव्हे, मग ती खायला चालेल का? मामांनाही ती ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखला. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी होती. मग त्यांनी कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखवले. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.  

मला मात्र खिळ्यावरचे आठ नर जास्त महत्त्वाचे वाटतात. मारलेल्या पाखरांची जागा भरून निघते का, या प्रश्नाला एका मुलाने नकळत हात घातला होता.

४. जागा भरते कधी, भरत नाही कधी

प्रत्येक परिसरात घरट्यांच्या जागा मोजक्या असतात. ज्यांना जागा मिळाली ते वीण करतात. ज्यांना मिळाली नाही ते आसपास एकटे फिरत राहतात. या राखीव पक्ष्यांतून रिकामी जागा भरते. खेतवाडीच्या तबेल्यात हेच घडलं. पाड्यावरच्या पोराच्या गलोलीलाही जंगल याच राखीव साठ्यातून तोंड देतं. शतकानुशतकं पोरं पाखरं मारत आली आणि तरी पाखरं राहिली, त्याचं कारण हे.

आता साधा हिशेब मांडू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. एका शिवारात १०० जोड्या आहेत, म्हणजे २०० पक्षी. दर जोडीने वर्षात चार पिल्लं उडवली, झाली ४००. एकूण ६००. वर्षभरात निम्मी मोठी पाखरं मरतात, उरली १००. पिल्लांतली तीन चतुर्थांश मरतात, उरली १००. पुन्हा २००. शिकार नसतानाही एवढे मृत्यू होतात आणि संख्या जागच्या जागी राहते.

आता जाळंवाला आला. शिवारात उरलेल्या २०० पैकी दर वर्षी तीस टक्के त्याने नेले. पहिल्या वर्षी उरले १४०, दुसऱ्या वर्षी ९८, तिसऱ्या वर्षी ६९, चौथ्या वर्षी ४८. चार वर्षांत चौथा हिस्सासुद्धा राहिला नाही. प्रत्यक्षात इतकं सरळ होत नाही. पाखरं कमी झाली की उरलेल्यांच्या वाट्याला दाणा जास्त येतो, त्यांतली अधिक जगतात आणि तोटा काही अंशी भरतो. पण भरण्यालाही मर्यादा आहे, आणि ती मर्यादा तीन कारणांनी लवकर गाठली जाते.

पहिलं, लहान दाणेखाऊ पक्षी थव्याने राहतात. गलोलीने एक पडतो आणि थवा उडून जातो. जाळ्यात थवाच्या थवा येतो. पिंजऱ्यातला पक्षी ओरडता ठेवून थवा खाली उतरवण्याची युक्तीही पारध्यांना सर्वत्र माहीत आहे.

दुसरं, स्थलांतर करणारे पक्षी प्रचंड मोठ्या मुलखातून येऊन थोड्याशा शेतांत गोळा होतात. एका शेतात जाळं लावलं की रिकामी होते ती दोन हजार कोसांवरची गवताळ कुरणं.

तिसऱ्या कारणाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पाखरू कोणत्या महिन्यात मारलं यावर तोटा ठरतो. पिल्लं नुकती उडू लागली तेव्हा मारलेल्यांतली बरीच एरवीही हिवाळ्यात मरणार होती. मार्चमध्ये, चरबी चढून परतीला निघालेलं पाखरू म्हणजे सगळ्या संकटांतून पार पडलेलं, पुढच्या महिन्यात वीण करणारं पाखरू. खवय्याला नेमकं तेच सर्वांत रुचकर लागतं.

५. पिवळ्या छातीचा भारीट

हा हिशेब कागदावरचा राहिला नाही. पिवळ्या छातीचा भारीट एकेकाळी फिनलंडपासून जपानपर्यंत वीण करत असे. युरोप-आशियातल्या अतिविपुल पक्ष्यांत त्याची गणना होती. हिवाळ्यात तो आग्नेय आशियात आणि आपल्या ईशान्य भारतातही उतरतो. वाटेत, दक्षिण चीनच्या भातशेतांत, तो ‘भातपाखरू’ म्हणून जाळ्यात सापडे आणि खाल्ला जाई. पिढ्यान्‌पिढ्या हे चालू होतं आणि पक्षी टिकून होता.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत चीनमध्ये पैसा आला. भातपाखरू हे शेतकऱ्याचं तोंडीलावणं होतं, ते शहरातल्या मेजवानीचं मानाचं ताट झालं. चीनने १९९७ मध्ये त्याच्या शिकारीवर बंदी घातली, तरी २००१ मध्ये एकट्या ग्वांगडाँग प्रांतात दहा लाखांच्या आसपास पक्षी खाल्ले गेल्याचा अंदाज आहे. १९८० ते २०१३ या काळात त्याची संख्या ८४ ते ९५ टक्क्यांनी घटल्याचं संशोधकांनी दाखवून दिलं. आंतरराष्ट्रीय लाल यादीत २००४ पर्यंत निर्धास्त गटात असलेला हा पक्षी २०१७ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरला. २०२१ मध्ये चीनने त्याला संरक्षणाची सर्वोच्च श्रेणी दिली.

या काळात कुणाची भूक वाढली नव्हती. ऐपत वाढली, रस्ते झाले, बर्फपेट्या आल्या, आणि एका गावाचा घास देशभरच्या हॉटेलांत जाऊ लागला. भूमध्य समुद्राभोवती असंच चित्र आहे. तिथे दर वर्षी १ कोटी १० लाख ते ३ कोटी ६० लाख पक्षी बेकायदा मारले किंवा पकडले जात असल्याचा अंदाज २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सायप्रसमध्ये काळटोप्या वटवट्याचा पदार्थ १९७४ पासून बंद आहे, तरी चिकट काड्या आणि जाळी लागतातच, कारण पैसे मोजणारा बसलेला आहे.

६. ‘गरम’ मांस

चवीखेरीज आणखी एक गिऱ्हाईक असतं, औषधाचं. चिमणीचं मांस ‘गरम’, ताकद देणारं, अशी समजूत खेड्यात आणि शहरात सारखीच आढळते. तिला जुना आधार आहे. चरकसंहितेच्या वाजीकरण प्रकरणात चटक म्हणजे चिमणीच्या मांसाचा उल्लेख आहे, आणि युनानीतल्या एका प्रसिद्ध माजुमात चिमणीचा मेंदू पडत असे. विचार असा की चिमण्या विणीच्या काळात वारंवार जोडा जमवतात, तेव्हा तो गुण खाणाऱ्यात उतरेल. पण पचनाला पाखराचा स्वभाव कळत नाही. मांसातली प्रथिनं पोटात गेली की त्यांची अमिनो आम्लं होतात, आणि ती चिमणीची, अंड्याची किंवा माशाची असोत, शरीराला सारखीच. पंधरा ग्रॅम मांसातून मिळतील तेवढी प्रथिनं अर्ध्या अंड्यात असतात.

७. कायदा आणि पाडा

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाखरू मारणं तर सोडाच, पकडणं, फास लावणं, अंडी-घरटी मोडणं हेही शिकारीत धरलं आहे. कच्चं आणि शिजवलेलं, दोन्ही मांस कायद्याच्या कक्षेत येतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सामान्य गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात.

कायदा असायलाच हवा. पण तो कुणावर प्रथम पडतो, हेही बघायला हवं. एक लाख हा आकडा कातकरी कुटुंबाला उद्ध्वस्त करणारा आहे, शौकिनाला नाही. फासेपारध्यांना इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलं, आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला गेला तरी लोकांच्या नजरेतून गेलेला नाही. पाखरं राखायची म्हणून या लोकांच्या मागे लागणं हा माझ्या मते अन्याय आहे आणि उपयोगाचंही नाही. गलोलीवाल्या पोराने भारीट संपवला नाही. भिवंडी परिसरातल्या पाखरांच्या मुळावर सध्या उठलेली गोष्ट वेगळीच आहे : भाताच्या खाचरांवर आणि माळांवर भराव पडतो आणि गोदामाचं छप्पर उभं राहतं. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात गवताळ माळांवरच्या पक्ष्यांची घसरण ठळकपणे आली आहे. माळच गेला तर राखीव साठाही गेला, आणि मग एरवी सोसलं असतं तेवढं मारणंही सोसत नाही.

लोकांना सोबत घेतलं तर काय होतं, त्याचं उदाहरण नागालँडमध्ये आहे. ते लहान पाखरांचं नाही, ससाण्यांचं आहे, पण लागू पडतं. वोखा जिल्ह्यातल्या दोयांग जलाशयावर २०१२ मध्ये अमूर ससाणे रोज बारा-चौदा हजारांच्या हिशेबाने जाळ्यांत मारले जात होते, मुख्यतः विक्रीसाठी. पांगती आणि आसपासच्या गावांशी, चर्चशी, ग्रामसभांशी बोलणं झालं. गावांनी स्वतः जाळी उतरवली. २०१३ च्या हंगामात ती हत्या थांबली होती.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एवढंच सांगायचं आहे. कोंबडी माणूस वाढवतो, आणि जितकी खातो तितकी पुन्हा वाढवतो. मुनिया, भारीट, चंडोल कुणी वाढवत नाही. लाव्याची चव आवडत असेल तर पाळलेला जपानी लावा मिळतो, तो घ्या. रानातलं पाखरू, जिवंत असो वा शिजवलेलं, चवीसाठी असो वा औषधासाठी, पैसे देऊन घेऊ नका. जाळ्याने पकडलेले थवे कुणी बाजारात विकताना दिसला, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तो फोन फुकट लागतो.